ट्रॉली नसलेला ट्रॅक्टर

"घाई काहून करून राहिले भाऊ? वावर कुठं पळून चाललं का?"

हे वाक्य कानावर पडलं की मी हातातला पाना खाली ठेवायचो. काका आले म्हणजे आता दुकानात दुसरं काम होणे नाही, हे ठरलेलं. ते चपला दाराशी काढायचे. लोखंडी अवजारांच्या दुकानात चपला काढून येणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. मग एखाद्या कल्टिवेटरच्या सांगाड्यावर ओट्यावर बसावं तसे टेकायचे आणि कानामागची विडी चाचपून परत तिथंच ठेवायचे. दुकानात ती त्यांनी कधी पेटवली नाही.

मी तेव्हा सेनगावात अवजारांच्या दुकानात कामाला होतो. दोन हजार सालानंतरचे दिवस. आमच्याकडे लहान ट्रॅक्टर नुकतेच येऊ लागले होते. लोक ते बघायला यायचे, हसायचे, टायरला लाथ मारून निघून जायचे. काका हसले नाहीत. ते साखऱ्याकडच्या बंजारा तांड्यावरचे, पाच-सहा एकरांचे धनी. ओढ्याकाठचा एक तुकडा काळा, बाकी सगळं मुरमाड. त्यांनी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, दोन चाकांमधलं अंतर आपल्या काठीनं मोजलं आणि म्हणाले, "तुरीच्या दोन वळीतून जाते हे. बराबर." घरानं मिळून तो ट्रॅक्टर घेतला. त्यांचं नाव मी सांगत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. दुकानात आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो.

आता ट्रॅक्टर घेतला की लोक काय करतात, तुम्हीही पाहिलं असेल. आधी ट्रॉली. तिच्या मागच्या फळीवर मुलाबाळांची नावं, मोर, कमळ, काय वाटेल ते. मग ऐटीसाठी माती घुसळणारा रोटाव्हेटर. पेरायचं कशानं, हे आठवतं मृग तोंडावर आल्यावर. काकांची तऱ्हा निराळी. ते दुकानाच्या आवारात डोळे मिटून उभे राहायचे आणि मनातल्या मनात वर्षभर आपल्या वावरातून चालायचे. ओठ हलत असायचे. मग डोळे उघडून एखाद्या अवजारापुढे उकिडवे बसायचे आणि त्यालाच विचारायचे, "तू सालात कितीदा घराबाहेर निघशील?"

नांगराला त्यांनी पहिल्याच दिवशी निरोप दिला. "हा एकडाव निघते आन मंग सालभर झोपते. त्या डावाला मोठा ट्रॅक्टर भाड्यानं सांगू." रोटाव्हेटरवर शेठनं, म्हणजे आमच्या मालकानं, नुकताच नवा रंग मारून घेतला होता. काकांनी त्याच्या पात्यावरून बोट फिरवलं. "लय देखणं हाय. आमच्या दगडगोट्यात घातलं तं दात पाडून घरी यील." वखर मात्र घेतलं. पेरणी यंत्र घेतलं. तुरीतून आणि कपाशीतून चालेल असं अरुंद कोळपं घेतलं, तेही तीनदा परत आणून, फासेची, म्हणजे खालच्या पात्याची, रुंदी कमी करून घेऊन. मी वैतागायचो. ते सांगाड्यावर बसून मला त्यांचं ते ठरलेलं वाक्य ऐकवायचे.

भांडण झालं ते ट्रॉलीवरून. काकांचा मुलगा सोबत आला होता. लग्न झालेला, एका लेकराचा बाप, अंगानं बापाच्या दुप्पट. बापलेक आपसात त्यांच्या गोरमाटी बोलीत बोलायचे. त्यातला मला कळलेला शब्द एकच, ट्रॉली, आणि तो फार वेळा आला. शेवटी मुलगा मलाच साक्षीला ओढत मराठीत म्हणाला, "तुमीच सांगा भाऊ. वावरात ह्याचं काम किती? बाकीचे दिवस काय दावणीला बांधून ठिवायचा?"

"बांध की," काका म्हणाले.

शेठनंही आपलं घोडं दामटलं. बिनट्रॉलीचा ट्रॅक्टर कुणी पाहिलाय का, लोक हसतील, पुढं विकायला गेलात तर कुणी विचारणार नाही. काका मान हलवत सगळं ऐकून घेत होते. मुलगा रागानं बाहेर जाऊन उभा राहिला.

मी काकांना स्टँडजवळच्या हॉटेलात चहाला नेलं. त्यांनी बशीत चहा ओतला आणि बराच वेळ प्यायलाच नाही.

"ट्रॉली आली का पोरगं कारखान्यावर गेलं, भाऊ."

मग त्यांनी सांगितलं. दसरा झाला की ऊसतोडीची माणसं न्यायला मुकादमाचा ट्रक तांड्यावर येतो. काका लहान असताना त्यांच्या बापाबरोबर त्या ट्रकात चढले, ते चढतच राहिले. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असाच तिकडे हिशोब. हा मुलगा उसाच्या पाचटाच्या खोपीत जन्मला. शाळेत नाव होतं, पण हिवाळाभर तो फडात असायचा, त्यामुळे अक्षरं जुळायच्या आधीच शाळा सुटली. आता मुकादमानं त्याला सांगितलं होतं, ट्रॉली घेऊन ये, ऊस वाहायला लावतो. पोराला ती बढती वाटत होती, आणि यंदाही येतो असा शब्द तो देऊन बसला होता.

"त्याचं लेकरू आवंदा शाळेत जाते. मायबाप फडात गेले का ते बी जाईल. हे ट्रॅक्टर म्या त्याच्यासाठीच घेतलं." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "दसऱ्यापासून होळीपत्तोर पोराला घरी गुतवून ठिवल, असं काय हाय तुमच्या दुकानात?"

मी आजवर अवजारं खूप विकली. फाळ किती, ताकद किती, डिझेल किती, हेच सगळे विचारतात. असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी थोडा विचार करून म्हणालो, "लहान मळणी यंत्र आहे काका. तुमचा ट्रॅक्टर ओढेल ते. दसऱ्याला सोयाबीन, संक्रांतीच्या सुमाराला तूर, मग हरभरा, गहू. आजूबाजूच्या वावरांची मळणीही भाड्यानं घेतलीत तर होळीपर्यंत हलायला फुरसत नाही."

काकांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. "चला. आन मुकादमाचं मी बघून घेतो."

मुलाला मशीन आवडलं. खरं तर त्याच्या आवाजावरच तो भाळला. ट्रॉलीचं नाव मागं पडलं आणि मुकादमाला बाप बघून घेणार म्हटल्यावर तोही निश्चिंत झाला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी तांड्यावर गेलो, तर काका ट्रॅक्टरच्या मागे वाकून काहीतरी शोधत होते. बैल विकले तरी खांदेमळणी चुकवायची नव्हती. फक्त ट्रॅक्टरचा खांदा नेमका कुठं, हे कळत नव्हतं.

"वझं वढते म्हणजे खांदा असलच की न्हाई?"

मी हसू दाबत त्यांना मागचे दोन दांडे दाखवले, ज्यांना अवजार जोडतात. काकूंनी लोणी-हळद आणली. काकांनी दोन्ही दांडे असे चोळले की माझ्याच खांद्याला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी म्हणे साऱ्या तांड्याची कुत्री ट्रॅक्टर चाटायला जमली आणि मुंग्या तर आठवडाभर हटल्या नाहीत. "ग्रीस लावायचं असतं काका," मी म्हटलं. ते म्हणाले, "ते तुमी लावा. हे आमचं हाय." तेव्हा मी पोटभर हसलो. आज ते लोण्याचे हात आठवले की हसू येत नाही.

दसऱ्यानंतर निरोप आला की मशीनचा पट्टा घसरतो आहे. मी जीपनं फाट्यापर्यंत जाऊन पुढं चालत गेलो. रस्त्याला लागूनच एका शेजाऱ्याच्या वावरात सोयाबीनची गंजी होती आणि मुलगा तोंडाला फडकं बांधून तयार होता. पट्टा बसवला, मशीन सुरू झालं. भुसकटाचा असा लोट उठला की चार हातांवरचं दिसेना.

काका माझ्या दंडाला धरून मला रस्त्यावर घेऊन आले. तिथं ट्रक उभा होता. वर भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं, आणि त्यांच्यात गाठोड्याला टेकून बसलेल्या काकू. काकांच्या काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेला कोयता होता.

"काका, तुम्ही?"

"पोरानं शब्द दिलता, जोडी येतो म्हणून. उचलीचे पैसे न्हाई घेतले, पन शब्द तं दिला न. मुकादमानं त्यावर टोळी बांधली. शब्द त्याचा असला तरी घर एकच हाय, भाऊ."

"त्याला माहीत आहे?"

"माहीत असतं तं मशीन बंद करून पयले तोच चढला असता." त्यांनी वावराकडे बघितलं. भुसकटात पोराचं नुसतं डोकं दिसत होतं. "तेवढी गंजी सपू द्या, मंग सांगा."

दोघा-तिघांनी त्यांना वर ओढून घेतलं. या वयात तो माणूस पुन्हा ऊस तोडायला चालला होता आणि मला त्यांचा हात धरून खाली ओढावंसं वाटत होतं. ट्रकनं हॉर्न दिला. मशीनच्या घरघरीत तो मुलापर्यंत पोचला नाही. ट्रक हलल्यावर काका भांड्यांवरून वाकून ओरडले, "तुरीच्या टायमाला चाळणी बदलाय लावा त्याला!"

दिवस कलला तेव्हा गंजी संपली. मुलानं फडकं सोडलं, डोळे पुसले आणि विचारलं, "बा कुठं हाय?" मी सांगितलं. त्यानं फडकं तिथंच टाकलं. मग रस्त्याच्या दिशेनं पळत सुटला आणि फाट्यावर जाऊन उभा राहिला. रस्ता रिकामा होता.

काका होळीला परतले, पण खोकला घेऊन. दुकानात फक्त एकदा आले. बसायला जड जात होतं, तरी तुरीचा दाणा फुटतो का, भाडं कुठवर मिळतं, सगळं विचारून गेले. पाऊस सुरू झाला आणि ते गेल्याचं कळलं. मला फार लागलं ते. दुकानातली लोखंडं मला त्यानंतर बरेच दिवस नुसती लोखंडं वाटत होती.

पुढच्या दसऱ्यानंतर मुलगा मशीनची चाळणी घ्यायला आला. मी धीर करून विचारलं, "मुकादमाचा ट्रक आला होता का?"

"आलता," तो म्हणाला. "तांड्यात सगळ्या दारी हॉर्न देत गेला. आमच्या दारापुढं थांबला न्हाई."

त्यानं चाळणी उजेडाकडे धरून भोकं नीट बघितली. लेकराची शाळा सुटायची वेळ झाली, म्हणाला, आणि निघाला.