पुढची रांग

सासूबाई नागपूरहून आमच्याकडे सिंगापूरला, बेडोकमध्ये आल्या, तेव्हा चिनी लोकांचा सातवा महिना चालू होता. आपल्या पितृपक्षासारखाच, मेलेली माणसं या महिन्यात फिरायला बाहेर पडतात म्हणे. आमच्या इमारतीखाली मेलेल्यांसाठी कागदी नोटा जळत, संत्र्यांत उदबत्त्या खोचलेल्या असत. सासूबाई कौतुकानं बघत आणि वर मलाच बजावत, "आपण बुद्धाची माणसं. भूतखेत आपल्यात नाही."

एका संध्याकाळी बाजारातून परतताना मैदानात पांढरा पडदा ताणलेला दिसला. मेलेल्यांच्या करमणुकीसाठी तिथं सिनेमा दाखवत. एरवी चिनी असे, त्या दिवशी मात्र जुना, कृष्णधवल, हॉलिवूडचा होता. हॅटवाला डिटेक्टिव्ह, मोठं हॉटेल, एका श्रीमंत विधवेचा खून, नाहीसा झालेला हार. प्रोजेक्टरपाशी एक म्हातारा, बाकी नुसत्या लाल प्लास्टिकच्या खुर्च्या.

मी पडद्याशेजारच्या फळ्यावर सिनेमाचं नाव वाचत होते, तोवर सासूबाई पुढच्या रांगेत जाऊन बसल्याही. म्हातारा हात हलवत धावला. "आंटी, फ्रंट रो कॅनॉट लाह! नॉट फॉर पीपल!" पुढची रांग मेलेल्यांसाठी राखलेली असते.

मी हाका मारल्या, पण त्या हलेनात. मान डावीकडे कलती करून कुणाचं तरी ऐकत असल्यासारख्या बसल्या होत्या, मधूनच "हो का?" म्हणत होत्या. डावीकडची खुर्ची रिकामी होती. मी त्यांना हाताला धरून उठवलं. एवढ्या उकाड्यात तो हात गार पडला होता.

आम्ही निघालो तेव्हा सिनेमा अर्धाही झाला नव्हता. पण घरी जेवताना त्यांनी आपल्या मुलाला, माझ्या नवऱ्याला, सगळी गोष्ट सांगितली, शेवटासकट. "लिफ्टवाल्यानंच मारलं तिले. हार घड्याळात लपवला होता. शेवटी तोच लिफ्टच्या खड्ड्यात पडते."

त्यांना इंग्रजी ओ की ठो कळत नसे. मी विचारलं, "आई, हे कुणी सांगितलं?"

"शेजारी बसला होता नं, त्यानं. मराठी होता. कोकणातला असन. जहाजावर होतो म्हणे. मले समजत नाही पाहून सांगत गेला बिचारा."

नवरा हसला. "बाबांबरोबर पाहिला असशील कधीतरी."

"तुझ्या बाबानं मले कधी नेलं रे इंग्रजी सिनेमाले?"

पुढच्या शनिवारी मी लायब्ररीतून त्या सिनेमाची डीव्हीडी आणली आणि भर दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून पाहिली. घड्याळातून हार निघाला. लिफ्टवाला पडला तसा मी टीव्ही बंद केला.

सासूबाईंना सांगितलं, तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. "चल नं, तिकडून जाऊन येऊ," एवढंच म्हणाल्या. "इथं मराठी बोलायले कोणी भेटत नाही म्हणे त्याले."

मला नाही म्हणवेना. मैदान मोकळं होतं. पडदा गेला होता, खुर्च्या गेल्या होत्या. सासूबाई गवतात जरा वेळ उभ्या राहिल्या. मग शेजारच्या घरातून उठताना म्हणतात तसं हलकेच म्हणाल्या, "येतो बरं."

आणि उत्तर ऐकून घेतल्यासारखी मान डोलावून चालू लागल्या.