मल्लिनाथ आणि ओपीडीतला टीव्ही

ज्या दिवशी माझा नवरा गेला, त्या दिवशी मला गाढ झोप लागली.

बाहेरच्या खोलीत पाहुणे. मी आत, भिंतीला टेकून.
लोकांना खटकलं. खटकू दे.

दवाखाना, घर, दुकान, परत दवाखाना. ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत.

आज मल्लिनाथ यांना जाऊन वर्ष झालं.

मूळचे वळसंगचे. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या बोळात आमचं टीव्ही रिपेअरिंगचं दुकान. लग्नानंतर मी नुसती काउंटरवर बसायचे. हळूहळू पॅनेल उघडायला शिकले.

मग त्यांच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं.

डॉक्टरांना दाखवायचं म्हणजे ओपीडीत टोकन घेऊन बसायचं. दुपार कलली की खिडकीतलं ऊन थेट भिंतीवरच्या टीव्हीवर. नंबर दिसायचाच नाही. पुकारायला कुणी नाही.

एकदा शेजारी सांगोल्याकडची एक म्हातारी बसली होती. नवऱ्याला घेऊन सकाळपासून. हॉल रिकामा व्हायला लागला तशी तिनं मला विचारलं,
"बाई, आमचा लंबर गेला व्हय?"

गेला होता. डॉक्टरही उठून गेले होते.

"त्या टीव्हीत काय बी दिसंना की. निस्तं पांढरं."

रडली नाही, भांडली नाही. नवऱ्याच्या दंडाला धरून एसटी स्टँडकडं निघाली.

मल्लिनाथ उठले आणि सरळ ऑफिसात गेले.
"साहेब, तो टीव्ही मला एक रविवार द्या."
"नवीन मागवलाय हो. फाइल वर गेलीय."
"येईल तेव्हा येईल. तोवर लोकांनी काय करायचं?"

साहेब बरे होते. दिला.

रिक्षात मी चिडले. "स्वतःला उभं राहवत नाही, आणि कशाला हे?"
"तू करशील की गं. मी नुसतं सांगतो."

म्हणजे काम माझ्याच डोक्यावर.

रविवारी शटर अर्धं ओढलं. पंखा बंद, कारण आत धूळ गेली की स्क्रीनवर कायमचा डाग. सोलापूरचा उन्हाळा. घाम पुसायचा आणि पुढचा स्क्रू काढायचा. यांचे हात थरथरायचे, म्हणून ते स्टुलावर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. टीव्हीच्या काचेमागं पातळ प्लास्टिकच्या शीट असतात, एकावर एक. एक शीट उजेड सगळीकडं सारखा पसरवते. बारीक रेघांची प्रिझम शीट तोच उजेड गोळा करून समोर फेकते.

मी म्हटलं, "सरळ जास्त LED टाकू."
"तापून जळतील. उजेड आहे गं आत. तो भलतीकडं सांडतोय, तेवढा आवरायचा."

दोन प्रिझम शीट घातल्या. एकीच्या रेघा आडव्या, दुसरीच्या उभ्या. चालू केला. समोरून असा लख्ख की ते हसले. बऱ्याच दिवसांनी.

मी बाजूला जाऊन बघितलं. अंधुक.

"कडेच्या बाकड्यावरच्यांनी काय करायचं?" मी विचारलं.

ते म्हणाले, "साकु." दमले की त्यांच्या तोंडात कन्नड यायचं. पुरे.

मलाही पुरे झालं होतं. पण टीव्ही उघडा टाकून कसं जाणार? चहा मागवला. त्यांना घोटभरच चालायचा, उरलेला मी प्यायले.

चहा पिता पिता तेच म्हणाले, "उभ्या रेघांची काढ. आडवी राहू दे. छताला आणि फरशीला जाणारा उजेड कुणाला पाहिजे? तेवढाच आवरू."

दुकानात एका महागड्या टीव्हीचं फुटलेलं पॅनेल पडून होतं, त्याच मापाचं. त्यातली सगळ्यात वरची फिल्म काढली. काचेत अडून वाया जाणारा उजेड ती आत परत फिरवते, आणि तो पुन्हा कामाला येतो. मी घातली तर स्क्रीन आणखीनच काळवंडली.

"फिल्मची दिशा चुकली," ते म्हणाले.

वाकून बघितलं. खरंच. हिची दिशा काचेशी जुळावी लागते. ती फिरवली तर मापात बसेना, म्हणून दुसऱ्या, मोठ्या स्क्रॅप टीव्हीतली तशीच फिल्म काढून, दिशा जुळवून, कापून लावली. मग समोरून दिसलं. बाजूनंही दिसलं.

सोमवारी टीव्ही परत भिंतीवर.

पुढच्या खेपेला आम्ही दुपारी मुद्दाम कडेच्या बाकड्यावर बसलो. ऊन स्क्रीनवरच होतं. नंबर बदलत होते, माणसं उठून आत जात होती. कुणी वर बघून "वा" म्हटलं नाही. कशाला म्हणतील?

यांचा नंबर आला. हे उठेनात.

"अहो, तुमचा नंबर."
"दिसला की. जरा बसू दे."

मी बसू दिलं. ते माणसांकडं बघत राहिले. मग मी हात धरून आत नेलं.

त्यानंतर फार दिवस मिळाले नाहीत. वॉर्डात, सकाळी, मी पाण्याची बाटली भरून आले तोवर गेले होते.

मध्ये कागदपत्रांसाठी दवाखान्यात जावं लागलं. भिंतीवर नवीन मोठा टीव्ही आलाय. उन्हातही नंबर स्वच्छ दिसतो. आमचा कुठं गेला, विचारावंसं वाटलं, पण नाही विचारलं. माणसं वेळेवर आत जात होती.

दुकान चालू आहे. मी एकटी बसते.

मल्लिनाथ, लई दमला होतात. आता विश्रांती घ्या.
तुमच्या बायकोचा मनापासून नमस्कार.