कारण: वृद्धापकाळ

आधी उपकार कोणाचे ते सांगतो, मग प्रकरण. भोरच्या एक बांगडीवाल्या चाची. त्या नसत्या तर माझ्या हातून दुसराही जीव गेला असता. नव्वदच्या दशकातली गोष्ट, पण अजून मन थाऱ्यावर येत नाही.

मी नांदेडकडचा, आठवीत शाळा सुटलेला. शिपाई म्हणून लागलो, या प्रकरणाच्या वेळी भोरला हवालदार होतो. कागदात चूक होईल याची कायम धास्ती. हिर्डोशीकडच्या एका गावच्या पोलीस पाटलांनी कळवलं, म्हातारी वारली, दहन झालं, वय झालं होतं. मी कारणापुढे 'वृद्धापकाळ' लिहून मोकळा झालो. त्या शब्दावर वरून कधी विचारणा येत नसे.

तिसऱ्या दिवशी चाची ठाण्यात आल्या.

"दिवाळीला म्या त्या वारलेल्या म्हातारीला बांगड्या भरल्या, हवालदार, अगदी मापात. संक्रांतीला गेले तर त्याच कोपरापर्यंत वर सरकत होत्या. अडीच महिन्यांत हात असा वाळतो व्हय?"

"आजारी असतील."

"सून म्हनली, म्हातारीला नव्या कशाला? मला ओसरीवरनंच घालवलं. नवरा हाय अजून तिचा, गोठ्यात. त्याचा बी कागद लिवायची वाट बघताय का?"

मृतदेह नाही, तक्रारदार नाही. तरी साहेबांना विचारून जीप काढली, चाचींना बरोबर घेतलं. मुलाला आणि सुनेला वेगवेगळं विचारलं, आईनं शेवटचं काय खाल्लं? मुलगा म्हणाला, पेज. सून म्हणाली, दूधभाकरी. मग गोठ्यात म्हाताऱ्यांना विचारलं. त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं. चौकशीत एवढं मी शिकलो होतो: उत्तर देण्याआधी माणूस ज्याच्याकडे बघतो, त्याला बाहेर काढायचं. मुलाला जीपमध्ये बसवलं.

चाची म्हाताऱ्यांजवळ टेकल्या. "बोला दादा. ह्यो हवालदार चांगलाय, नुसता भितो लई."

"सातबारा पोराच्या नावावर झाला अन् कडी बाहेरनं लागली," ते म्हणाले. "वाटीभर पेज, दोघांत. ती म्हनायची, मला भूक न्हाई."

कोंडून ठेवल्याचा गुन्हा दाखल झाला. म्हातारे सरकारी दवाखान्यातून लेकीकडे गेले, जगले. म्हातारीच्या कागदावर मात्र माझ्या हातचं 'वृद्धापकाळ' तसंच राहिलं.

लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत सून वारली तर तहसीलदार चौकशीला येतात. सासू उपाशी वारली तर माझ्यासारखा माणूस एक शब्द लिहितो. दोन हजार सातला आईबापांना सांभाळण्याचा कायदा आला, बरं झालं. पण बाहेरून कडी लागलेल्यानं अर्ज कसा करायचा? संशय असेल तिथं डॉक्टर, तलाठी, पोलीस यांनी एकत्र बसून ते मरण तपासावं, कुणाला आधी काय दिसलं होतं ते विचारावं, असा कायदा हवा. या प्रकरणाआधी मी किती कागदांवर तो शब्द लिहिला, ते आठवायचं धाडस होत नाही.

चाचींनी जबाब दिला म्हणून त्या गावानं त्यांना पुन्हा दारात बसू दिलं नाही. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मी आता नांदेडकडे परत आलोय. पण एकदा बायकोला घेऊन भोरला जाणार आहे. चाचींना त्या गावात नेईन, भर वस्तीत बसवीन, आणि बायकोला सांगीन, पहिला हात तू पुढं कर.