वेटोळ्यातला चुंबक

स्नेझिना गेर्गोवा यांनी निवृत्तीचं वय कधीच ओलांडलं होतं. निवृत्ती मात्र अजून त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. बल्गेरियातल्या बेर्कोवित्सासारख्या गावाला भौतिकशास्त्राचा मास्तर मिळत नाही. तरुण मंडळी सोफियाला जातात आणि तिथून पगार दिसेल त्या दिशेला. बाईंची लेकही स्पेनमध्ये, वॅलेन्सियात. तिला दिवस गेले होते, आणि तिला आई हवी होती.

"कोणी मिळेपर्यंत सांभाळून घ्या, बाई," मुख्याध्यापक कामेन प्रोदानोव दर सप्टेंबरात म्हणत. बाई मान वर-खाली हलवत. आमच्याकडे मान वर-खाली म्हणजे नकार, आडवी म्हणजे होकार. पण कामेनसाहेब तीन वर्षं जर्मनीत राहिलेले. तिथे सगळं उलटं. बाईंच्या बाबतीत त्यांना नेमकी जर्मनी आठवायची. मी याच शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे असले तह मला नवे नाहीत.

शेवटी बाईंनी सुटकेची योजना आखली. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा अख्खा धडा त्यांनी कॉम्प्युटरवर बसवला: पडद्यावर तारेचं वेटोळं, त्याला जोडलेला दिवा, शेजारी विजेची दिशा दाखवणारा एक काटा आणि माउसने हलवता येणारा चुंबक. कोणीही शिकवू शकेल असा. 'कोणीही' म्हणून खेळाचे शिक्षक बोयको यांची निवड झाली. त्यांचा तास नीट पार पडला तर बाई मोकळ्या, असं ठरलं. अट एकच: बाईंनी मागच्या बाकावर तोंड मिटून बसायचं. साक्षीला मी.

तास रंगला. "मनगट सैल सोडा, मनगट!" बोयको सांगत होते. मुलं ताक घुसळावं तसे चुंबक घुसळत होती, दिवे लखलखत होते. कामेनसाहेब दारात पडेल चेहऱ्याने उभे. बाई मनाने वॅलेन्सियात उतरल्या होत्या.

मग योआना नावाच्या मुलीने चुंबक वेटोळ्याच्या मधोमध नेला आणि तिथेच सोडून दिला. दिवा विझला.

"सर, चुंबक तर आता अगदी आत आहे. मग दिवा का गेला?"

"अडकला असेल कॉम्प्युटर. बंद करून चालू कर."

"केला दोनदा."

"मग दुसरा चुंबक घे."

"कुठून आणू, सर? वाण्याकडून?"

वर्ग हसला. मी हळूच म्हणालो, "वॅलेन्सिया, बाई." त्यांनी ओठ आवळले.

"जाऊ दे," योआना वही ओढत म्हणाली. "असंच असतं, असं लिहिते."

"असंच नसतं." बाई उभ्या राहिल्या होत्या. "नुसतं आत असून भागत नाही गं. चुंबक हलला पाहिजे. बसून राहिला तर कितीही जोरकस असो, उपयोग शून्य. आता ओढ बाहेर. काटा कुठे गेला?"

"उलटा."

"कारण वेटोळ्याला बदल खपत नाही. येणाऱ्याला ढकलतं, जाणाऱ्याला धरून ठेवतं."

हे सांगताना त्यांनी दाराकडे पाहिलं नाही. मी पाहिलं. कामेनसाहेबांचा चेहरा खुलत चालला होता.

घंटा झाली. "म्हणजे सप्टेंबरला आहातच, बाई?"

या खेपेला बाई सावध होत्या. जर्मनीत नकार देतात तशी त्यांनी मान आडवी हलवली. दोनदा, अगदी ठळक.

त्या दिवशी कामेनसाहेब पक्के बल्गेरियन होते.

"मला खात्री होतीच," ते म्हणाले.