आयांतोलाचा बोलका ढोल

आयांतोला म्हातारा काखेतला ढोल वाजवत नसे, बोलीचे चढउतार काढून बोलता करत असे. घराण्याचा धंदाच तो. लग्न असो, बारसं असो, समोर येईल त्याच्या कुळाची थोरवी ढोलावर म्हणायची. माणूस आला आणि ढोल गप्प राहिला, तर तो अपमान. चार मुलगे झाले, एकानेही ढोल उचलला नाही. म्हणून १९७४ साली नायजेरियातल्या लागोसच्या स्टुडिओत तो हट्टाने येऊन बसला: निदान तबकडीत तरी आवाज उरेल.

तबकडी वाद्यवृंदाच्या मालकाची, कोयेजोची; अफ्रोबीट नावाच्या नव्या मिश्र संगीताची. ट्रंपेट हायलाइफ या तिकडच्या नाचगाण्याच्या वळणाचे, गिटार अमेरिकन सोलची, कोयेजोचा सॅक्सोफोन जाझवर पोसलेला. आणि या सगळ्यांच्या पोटात त्याला आजोळचा ढोल हवा होता. गाणं सतरा मिनिटांचं, एका दमात वाजवायचं.

पहिल्या खेपेला ट्रंपेटवाल्याचा चुलता दारातून डोकावला. ढोल ताल सोडून त्याच्या कुळाकडे वळला. दुसऱ्या खेपेला खुद्द कोयेजोची आई आली. ढोल तिच्या खापरपणज्यापर्यंत पोचला, आणि कोयेजोही वाजवायचं सोडून सवयीने आईपुढे नमस्काराला पालथा पडला!

ध्वनिमुद्रण करणारा तामुनो भडकला. "बाबा, हे काय बारसं आहे? एकच रीळ उरलंय. मालक, ढोल काढा."

"आई दारात उभी, आणि मी गप्प बसू? माझ्या बापाने हात तोडले असते."

"बाप गेला ना तुमचा?"

"गेलाय. ऐकतोय."

कोयेजो कपडे झटकत उठला. "बाबा, आता चुकलं तर तुमच्याशिवाय करावं लागेल."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. मग म्हणाला, "सगळ्यांना आत घ्या. एकदा मान दिला की आज पुन्हा द्यावा लागत नाही."

चुलता आला, आई होतीच, पहारेकरी आला, फाटकावरची भजीवाली हात पुसत आली. एकेकाचं कूळ वाजलं. राहिला तामुनो.

"मी तिकडचा, खाडीकडचा. माझं कूळ तुम्हाला काय ठाऊक?"

"आईचं नाव सांग."

त्याने पुटपुटत सांगितलं. ढोलाने ते तीनदा म्हटलं, तिसऱ्यांदा फार हळू. तामुनो उठला आणि दाराला स्वतः कडी घातली.

सगळे भिंतीला टेकून जमिनीवर बसले. या खेपेला ढोल गाण्यातून तसूभर हलला नाही. सतरा मिनिटं झाली, रीळ थांबलं, तामुनोने हात वर केला.

कोयेजोची आई म्हणाली, "आता खोकू का?"