विंगेतली रुचा

रुचा परब आमच्या शेजारच्या खोलीत राहते. काळाचौकीच्या आमच्या चाळीत दोन खोल्यांमधली भिंत म्हणजे नुसतं नाव. पलीकडे कुणी कूस बदलली तरी अलीकडे कळतं. त्यामुळे कॉलेजात गेल्यावर तिला लागलेलं नाटकाचं वेड मला घरबसल्या कळलं.

परळच्या कॉलेजात ती बी.कॉम.ला होती. पहिल्याच वर्षी एकांकिकेच्या ग्रुपमध्ये नाव दिलं. तिला अभिनय करायचा होता, पण आवाज पातळ, आणि चार माणसांसमोर उभी राहिली की मान खाली. दिग्दर्शन करणारा शंतनु म्हणाला, "पाठांतर भारी आहे तुझं. प्रॉम्प्टिंग करशील?" म्हणजे विंगेत बसायचं आणि स्टेजवरचा कुणी वाक्य विसरला तर हळूच शब्द द्यायचा.

त्या संध्याकाळी ती रडलेली मला ऐकू आली. तिची आई, बकुळावहिनी, भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "रडतंस कित्याक गो? पुढच्याक आठावला नाय, तर मागसून सांगणारा माणूस नको?"

बकुळावहिनी म्हणजे आमच्या मजल्याचा रेडिओ. कुणाकडे पाहुणे आले, कुणाचं लग्न ठरतंय, सगळं तिच्याकडून कळायचं. नवरा जयवंत कॉटन ग्रीनला एका गोदामात सुपरवायझर. तो मुलखाचा अबोल. ती दोघांच्या वाटचं बोलायची.

रुचा विंगेत बसायला लागली. सुरुवातीला तिनं घोळ घातले. एका प्रयोगात हेरंब नावाचा मुलगा वाक्याच्या मध्ये थांबला. विसरला असं वाटून तिनं घाईनं शब्द दिला. पहिल्या रांगेला ऐकू गेला, लोक हसले. नंतर शंतनु तिला म्हणाला, "तो विसरला नव्हता. थांबला होता. दोन्हीत फरक असतो, तो ओळखायला शीक."

मग ती शिकली. विसरलेल्याचे डोळे भिरभिरतात, थांबलेल्याचे एका जागी असतात. शब्द अख्खा द्यायचा नाही, पहिलं अक्षर पुरतं. हे सगळं ती घरी आईला सांगायची आणि बकुळावहिनी दुसऱ्या दिवशी नळावर आम्हाला. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच एका स्पर्धेच्या फायनलला हेरंब पुन्हा थांबला. खूप वेळ थांबला. विंगेतले सगळे रुचाला खुणावत होते, दे, दे. तिनं दिला नाही. त्यानं आपणहून वाक्य उचललं तेव्हा थिएटरात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. बक्षीस हेरंबला मिळालं. पण स्टेजवरून उतरून तो आधी रुचाकडे गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, एका सकाळी पीठ मळता मळता बकुळावहिनी कलंडली. अर्धांगाचा झटका. हात-पाय हळूहळू सुधारले. वाचा गेली ती मात्र विचित्र तऱ्हेनं गेली. बोललेलं सगळं समजायचं, पण बोलायला जावं तर शब्दच सापडायचा नाही. चष्मा हवा असला की "भाकरी, भाकरी" म्हणायची आणि चुकलं हे तिचं तिलाच कळून डोळ्यांत पाणी यायचं.

आम्ही सगळ्या मदतीला धावायचो. पाणी? गोळी? पंखा लावू? बिचारी भांबावून जायची. रुचाही तेच करायची. मग दादरच्या स्पीच थेरपिस्टनं, इरावती दातेबाईंनी, तिला सांगितलं, "तुम्ही सगळे तिच्यासाठी बोललात तर ती कशाला बोलेल? तिला वेळ द्या. अगदीच अडली तर पहिलं अक्षर द्या."

रुचा म्हणाली, "हे मला येतं."

आणि तिला खरंच येत होतं. कॉलेज सुटल्यावर घरी येऊन ती आईसमोर पाटावर बसायची. भिंतीपलीकडून मला बराच वेळ काही ऐकू यायचं नाही. मग रुचाचा आवाज, "पा..." पुन्हा शांतता. आणि मग बकुळावहिनीचं ओढून काढलेलं "पाणी." दातेबाई म्हणाल्या, घरच्या माणसांत एवढा धीर त्यांनी फारसा पाहिलेला नाही.

गणपतीत तर चमत्कारच झाला असं आम्हाला वाटलं. मंडळाच्या आरतीला खुर्चीत बसवून बकुळावहिनीला खाली नेलं, आणि ती आरती म्हणायला लागली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न अडखळता. बायका रडायला लागल्या. कुणीतरी जयवंतच्या हातावर पेढा ठेवला. आरती संपली तसं तिनं रुचाचा हात धरला आणि काहीतरी मागायला तोंड उघडलं. शब्द आला नाही. दातेबाईंनी नंतर समजावलं की पाठ असलेलं गाणं वेगळं आणि मनातलं बोलणं वेगळं. पण त्या वेळी आम्हाला ते कुठे माहीत होतं? जयवंत पेढा तसाच हातात धरून मंडपाबाहेर निघून गेला.

थंडीत दुसरा झटका आला. हॉस्पिटलात मी रुचासोबत होते. दुपारी बकुळावहिनीनं डोळे उघडले आणि लेकीकडे पाहिलं. "तू..." म्हणाली. रुचा पुढे वाकली. "तू..." पुन्हा तेच. मी म्हटलं, "अगं, विचार ना तिला, काय हवंय." रुचानं मला हातानं थांबवलं. आईचे डोळे भिरभिरत नव्हते. एका जागी होते, रुचाच्या चेहऱ्यावर. म्हणून ती थांबली. आम्ही दोघी कितीतरी वेळ थांबलो. बकुळावहिनीचे ओठ हलले, मग हलायचे थांबले. तिला झोप लागली. त्या झोपेतून ती उठली नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर रुचा माझ्याकडे येऊन बसली.

"सीमामावशी, मी शब्द द्यायला हवा होता का?"

"कुठला शब्द, बाळा?"

"तेच तर. मला माहीत नव्हता. नाटकात मांडीवर संहिता असते. पुढचं वाक्य काय ते मला ठाऊक असतं. आई काय म्हणणार होती, मला कुठे ठाऊक होतं?" मग म्हणाली, "कुठलातरी द्यायला हवा होता. चुकीचा तर चुकीचा. तिला वाटलं असेल, ही नुसती बघत बसली."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

दातेबाईंनी तिला बोलावणं पाठवलं. त्यांच्याकडे वाचा गेलेल्या माणसांचा एक गट दर शनिवारी जमतो, तिथे मदतनीस हवी होती. रुचानं नाही सांगितलं. ती परीक्षेला बसली, पास झाली, एका ऑफिसात इंटरव्ह्यूला गेली. तिथे विचारलं, अभ्यासाशिवाय कॉलेजात काय केलंत? ती म्हणाली, काही नाही. मग उन्हाळ्यात एके दिवशी, कुणाशी काही न बोलता, ती दादरला जाऊन दातेबाईंच्या दारात उभी राहिली. आता तिथेच असते. पुढचं शिक्षणही त्याच विषयात घ्यायचं म्हणते. तिथली माणसं तिच्याशी बोलतात. कुणाला नातवाचं नाव घेता आलं, कुणी रिक्षावाल्याला पत्ता सांगितला, हे ती मला सांगते. सांगताना हसत मात्र नाही.

संध्याकाळी ती घरी येते. जयवंत गॅलरीत खुर्ची टाकून बसलेला असतो. ती चहा करून त्याच्यासमोर ठेवते आणि शेजारी बसते. त्याला सगळे शब्द येतात, पण बायको गेल्यापासून तो "हो" नि "नको" याच्या पलीकडे गेलेला नाही. परवा ती त्याला म्हणाली, "बाबा, आईबद्दल काहीतरी बोला ना. काहीही."

त्यानं "हो" अशी मान हलवली. मी माझ्या दारात निवडायला घेतलेली भाजी तशीच ठेवून कान देऊन बसले होते. अंधार पडला, कुणीतरी जिन्यातला दिवा लावला, तरी त्याच्याकडून शब्द आला नाही. मग कपबशा उचलल्याचा आवाज आला आणि मोरीत पाणी सोडल्याचा.