झुंडीला आडनाव नसतं

"मावशी, आई गेली." बंगळुरूहून अजिंक्यचा फोन. मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून तशीच उभी राहिले... लेकाकडे चार दिवस म्हणून गेलेली मंगलताई तिकडेच झोपेत गेली. निघताना कुंड्यांना पाणी घालायला सांगून गेली होती. निरोप असा घेतलाच नव्हता.

पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत आम्ही शेजारणी. ती देहूरोडच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. शब्दांवर तिचा फार जीव. एकदा पेपरात 'झुंडबळी' वाचून ती बेचैन झाली. जमावाने ठेचून मारलेल्या माणसासाठी हा शब्द. बळी तर देवाला देतात, इथे देव कुठला, असं ती विचारत राहिली. मग म्हणाली, इंग्रजीतला 'लिंचिंग' अमेरिकेतल्या कुणाच्या तरी आडनावावरून आला म्हणे. कोर्टकचेरीविना शिक्षा देणारा कुणी होता. "त्या शब्दात निदान एका माणसाचं नाव आहे गं. आपल्या शब्दात नुसती झुंड. झुंडीला आडनाव नसतं, म्हणूनच ती कुणाला भीत नाही." मी मटार सोलत होते. हो म्हटलं, झालं.

पुढे काही दिवसांतच मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरू लागले. अशातच एका दुपारी गेटवर गलका झाला. भंगार गोळा करणारी परभणीकडची एक बाई, तिच्या कडेवर गोरीपान पोर. ही पोर हिची असूच शकत नाही, असं कुणीतरी म्हणालं आणि बघता बघता तीस-चाळीस माणसं जमली. परकी नव्हेत, आमचीच. एकाने तिचा अंबाडा धरला होता, दुसऱ्याच्या हातात रॉड होता. मंगलताई सरळ आत घुसली आणि रॉडवाल्यासमोर उभी राहिली.

"मी मंगल देशपांडे, बी विंग. तुमचं नाव काय?"

"काकू, तुम्ही मध्ये पडू नका."

"नाही पडत. नाव तेवढं सांगा. पूर्ण."

त्याने सांगितलं, पण आवाज उतरला होता. मग तिने शेजारच्याला विचारलं, मग त्याच्या शेजारच्याला. मागची माणसं हळूहळू पांगू लागली. अंबाड्यावरचा हात सुटला. "लेकीची पोर हाय बाई, लेक कंपनीत जाती," एवढंच ती बाई पुन्हा पुन्हा म्हणत होती. तोवर कुणीतरी पोलिसांना बोलावलं होतं. त्यांनी निरोप धाडल्यावर तिची लेक चाकणहून शिफ्ट सोडून धावत आली. तिला पाहताच पोरीने आजीच्या कडेवरून तिच्याकडे झेप घेतली. कुणाला काही विचारायची गरजच उरली नाही.

घरी आल्यावर मंगलताईने चहाचा कप तसाच बाजूला ठेवला. "मला फार भीती वाटली गं," ती म्हणाली आणि खूप वेळ माझा हात धरून बसली...

आमच्या स्वयंपाकघरांची भिंत एकच. चहा टाकला की ती तिकडून भिंतीवर टकटक करायची, मी इकडून. गेल्या आठवड्यात अजिंक्यने घर भाड्याने दिलं. काल दुपारी भिंतीवर टकटक झाली. नवी माणसं खिळा ठोकत होती. मला ते कळलं तोवर माझा हात उत्तर देऊन मोकळा झाला होता.